खाण नसलेल्या जिल्ह्याचे निकेल आणि प्लॅटिनम

कोल्हापूर जिल्ह्यात निकेलची खाण नाही, प्लॅटिनमचीही नाही. तरीही या दोन धातूंच्या बाजाराविषयी मराठीत लिहायचे तर सुरुवात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींपासूनच करावी लागते. कारण हे दोन्ही धातू इथल्या कारखान्यांत रोज ये-जा करतात, बहुतेक वेळा त्यांचे नावही न घेता. डिझेल इंजिनाच्या पिस्टनसाठी जे अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रण ओततात, त्यात साधारण एक टक्का निकेल असते. उष्णतेत पिस्टनची ताकद टिकते ती त्यामुळे. त्याच पिस्टनच्या वरच्या रिंगची खाच झिजू नये म्हणून आत जी कडी बसवतात ती नि-रेझिस्ट बिडाची, म्हणजे १३.५ ते १७.५ टक्के निकेलची. साखर कारखान्यांच्या नळ्या, दूध संघांच्या टाक्या, पंपांचे इम्पेलर, व्हॉल्व्हच्या बॉड्या असे स्टेनलेसचे जे काही इथे बनते किंवा वापरले जाते, त्यात निकेल आलेच. प्लॅटिनमची वाट जरा आडवळणाची आहे. एप्रिल २०२० मध्ये वाहनांना भारत स्टेज-६ लागू झाले आणि डिझेल जनित्रांना जुलै २०२४ पासून सीपीसीबी-४ प्लसच्या मर्यादा पूर्णपणे बंधनकारक झाल्या. जिल्ह्यात इंजिन आणि जनित्र हा जुना धंदा. कागलला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना आहे. या मर्यादा गाठायच्या तर अनेक क्षमतांच्या इंजिनांच्या धूरमार्गात ऑक्सिडेशन उत्प्रेरक बसवावा लागतो, आणि त्या उत्प्रेरकाच्या चिनीमातीच्या जाळीवर प्लॅटिनमचा अदृश्य थर असतो. गुजरीतल्या सराफी दुकानातली प्लॅटिनमची अंगठी सगळ्यांना दिसते, पण जिल्ह्यात फिरणारे प्लॅटिनम खरे तर सायलेन्सरच्या पोटात असते.

या विषयावर बोलणे निघाले की पहिला प्रश्न येतो तो भावाचा: निकेल वर जाईल की खाली, प्लॅटिनम आता घ्यावे का. प्रश्न स्वाभाविक आहे, पण पुढील पानांचा भर त्यावर नाही. माझे म्हणणे असे की, ज्या जिल्ह्यात खनिज नाही आणि जागतिक भावावर ज्याचा काडीचाही प्रभाव नाही, त्याने मागणीच्या आलेखापेक्षा प्रक्रियेच्या साखळीकडे पाहावे. धातू कुठे वेगळा होतो, कोण मोजतो, आणि वापरून झाल्यावर तो कोणाच्या हाती पडतो, यावर आपल्याला मिळणारा पैसा ठरतो. खाण असली म्हणजे सगळे साधते असेही नाही; त्याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या पठारावरचे बॉक्साइट वर्षानुवर्षे बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याकडे गेले. डोंगर खणला गेला, रस्ते ट्रकांनी उखडले आणि जंगलाचा वाद उभा राहिला, हे सगळे कोल्हापूरच्या वाट्याचे. पांढऱ्या भुकटीची किंमत मात्र सीमेपलीकडे ठरली. खाणीचे गाव ते धातूचे गाव, असे गृहीत धरणाऱ्यांनी हे एक उदाहरण नीट पाहावे.

निकेल आणि प्लॅटिनम यांना एकाच पुस्तकात का बसवले, असे कोणी विचारील. एक स्टीलचा, टनांनी विकला जाणारा. दुसरा सराफाचा, ग्रॅमने तोलला जाणारा. पण जमिनीखाली हे दोघे सख्खे शेजारी आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड खडकात प्लॅटिनमसाठी खणतात आणि सोबत निकेल-तांबे मिळते. सायबेरियात नोरिल्स्कला निकेल-तांब्यासाठी खणतात आणि सोबत पॅलेडियम-प्लॅटिनम मिळते. बुशवेल्डच्या एका टन खडकात प्लॅटिनम गटाचे सगळे धातू मिळून चार-सहा ग्रॅम असतात. तो खडक दळायचा, पाण्यात फेस करून सल्फाइडचे कण वर काढायचे, ते विजेच्या भट्टीत वितळवून मॅट करायचे, त्यात हवा फुंकून लोखंड-गंधक उडवायचे, मग आम्लाने निकेल आणि तांबे विरघळवून बाजूला घ्यायचे. इतके झाल्यावर जो गाळ उरतो तो प्लॅटिनमच्या शुद्धीकरणाला जातो. खडक ते शुद्ध धातू या प्रवासाला महिने लागतात. म्हणूनच प्लॅटिनमचा भाव वाढला तरी उत्पादन लगेच वाढत नाही. निकेलचा भाव पडला तर बुशवेल्डमधल्या खाणीचे जोड उत्पन्न घटते, नोरिल्स्कसारख्या ठिकाणी तर मुख्यच. दोन बाजार वेगळे दिसतात, पण भट्टीच्या ताळेबंदात ते एकाच पानावर असतात.

निकेलच्या बाजाराची अलीकडची गोष्ट म्हणजे प्रक्रियेने बाजार कसा काबीज होतो याचा पाठच आहे. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली. खनिज हवे असेल तर भट्टी इथे लावा, असा सरळ हिशेब. चिनी भांडवल आले, कोळशावर चालणाऱ्या विजेच्या भट्ट्या उभ्या राहिल्या, निकेल पिग आयर्न म्हणजे लोखंडमिश्रित कमी प्रतीचे निकेल धो धो निघू लागले, आणि आज जगाच्या खाणीतल्या निकेलपैकी निम्म्याहून अधिक त्या एका देशातून येते. मधल्या काळात ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या धातुबाजारात निकेल टनाला १ लाख डॉलरच्या वर गेले, व्यवहार थांबवावे लागले, झालेले सौदेही रद्द करण्यात आले. त्यामागे टंचाईपेक्षा एका चिनी उत्पादकाचे मोठे उलटे सौदे अधिक होते. पुढे दोन वर्षांत भाव १५-१६ हजारांवर उतरला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बीएचपीसारख्या कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियातले आपले निकेलचे काम थांबवले. मागणी या काळात पडली नव्हती. स्टेनलेस स्टील जगातले सुमारे दोन-तृतीयांश निकेल खाते आणि ते बनतच राहिले. विजेच्या गाड्यांमुळे निकेल आकाशाला भिडेल असे भाकीत होते, तेही अर्धेच खरे ठरले, कारण लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांनी मोठा हिस्सा घेतला. आपल्याकडच्या टाटांच्या विजेच्या मोटारीही त्याच प्रकारच्या बॅटरीवर चालतात. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत निकेल नसतेच.

भारतीय कारखानदाराने मात्र निकेलशिवाय भागवण्याची कला फार आधी आत्मसात केली होती. आपल्या स्वयंपाकघरातली बरीचशी स्टीलची भांडी २०० मालिकेच्या पोलादाची, म्हणजे निकेल कमी आणि मँगनीज जास्त अशी असतात. ३०४ मध्ये आठ टक्क्यांच्या पुढे निकेल असते तिथे यांत एक ते चार टक्के. उसाच्या रसाच्या हीटर आणि बाष्पकांमध्ये ४३९ या निकेलविरहित प्रतीच्या नळ्यांचा प्रसार झाला, तोही याच हिशेबातून. निकेल महाग झाले की ग्राहक पळवाट शोधतो आणि स्वस्त झाले की परत येतो. त्यामुळे 'मागणी' म्हणून जो आकडा अहवालात छापलेला असतो तो भावाच्या तालावर नाचणारा असतो. मोठ्यांनी वेगळा मार्ग धरला. जिंदाल स्टेनलेसने २०२३ मध्ये इंडोनेशियातल्या हालमाहेरा इथल्या निकेल पिग आयर्नच्या प्रकल्पात ४९ टक्के भागीदारी घेण्याचे जाहीर केले. सरकारने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात फेरोनिकेलवरचे आयातशुल्क शून्य केले. शिरोलीच्या फौंड्रीला इंडोनेशियात भट्टी लावता येणार नाही, हे उघड आहे.

प्लॅटिनमची स्थिती उलटी. निकेलला पूर आला, प्लॅटिनमला कोरड पडली. दक्षिण आफ्रिका जगाचे सुमारे ७० टक्के प्लॅटिनम खणते, तिथल्या खाणी खोल आहेत, विजेची टंचाई वर्षानुवर्षे भेडसावत होती आणि २०२३ पासून पुरवठा मागणीपेक्षा सतत कमी राहिला. वर्षानुवर्षे औंसाला ९०० ते १,००० डॉलरच्या आसपास रेंगाळणारा भाव २०२५ च्या मध्यापर्यंत १,३०० च्या पुढे गेला आणि तिथेही थांबला नाही. वापराकडे पाहिले तर सर्वात मोठा हिस्सा वाहनांच्या उत्प्रेरकांचा, मग दागिने आणि उद्योग. उद्योगातला एक वापर आपल्या राज्यात जुना आहे. अमोनियापासून नायट्रिक आम्ल करताना वायू प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारेच्या विणलेल्या जाळीतून सोडावा लागतो. तळोजा आणि तुर्भ्याच्या पट्ट्यात हे काम दशकानुदशके चालू आहे. दागिन्यांबद्दल मला फारसा उत्साह नाही. कोल्हापुरात सोने ही हौस तर आहेच, पण त्याआधी ती अडीनडीची बँक आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये दागिन्यांवरच्या कर्जाचे नवे नियम काढले, त्यात सोने आहे आणि चांदीही आहे, प्लॅटिनम नाही. गहाण ठेवता न येणारा धातू गावोगावच्या लग्नात साजाची जागा घेईल, असे मानायला आधार दिसत नाही. २०२४-२५ मध्ये प्लॅटिनमची आयात एकदम फुगली त्यामागेही बरेचसे शुल्कातल्या फरकाचे गणित होते: प्लॅटिनमच्या नावाखाली सोन्याचे मिश्रण येऊ लागले आणि सरकारला कमी शुद्धतेच्या मालावर निर्बंध घालावे लागले. अशा आकड्यांवरून 'भारतीयांना प्लॅटिनमची आवड लागली' असे लेख निघतात, त्यांच्यापासून वाचकाने सावध राहावे.

आता मूळ मुद्दा. कोल्हापूरला निकेलचा सर्वात जवळचा साठा त्याच्याच कारखान्यांच्या मागच्या अंगणात आहे. नि-रेझिस्टच्या कड्या टर्निंगला लागल्या की जो बुरादा पडतो, त्याच्या एका टनात १५ टक्क्यांच्या हिशेबाने १५० किलो निकेल असते. निकेल टनाला १५ हजार डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरला तर त्यातले नुसते निकेल सुमारे १ लाख ९१ हजार रुपयांचे. हाच बुरादा साध्या बिडाच्या बोरिंगमध्ये मिसळून विकला तर हाती येतो तो बिडाचा भाव. नुकसान इतक्यावरही थांबत नाही. निकेल भट्टीत जळत नाही, कपोला असो वा इंडक्शन, ते रसात तसेच राहते. नि-रेझिस्टबरोबर तांबे आणि क्रोमियमही येते. तांबे पर्लाइट वाढवते, क्रोमियम कार्बाइड करते. ज्या हीटमधून लवचिक फेरिटिक एसजी कास्टिंग काढायचे आहे तिथे असा मिसळीचा माल पडला तर कास्टिंग कडक होते, टूल तुटते आणि ग्राहक माल परत पाठवतो. म्हणजे जो धातू वेगळा ठेवला असता तर नफा झाला असता, तोच मिसळल्यावर रिजेक्शन होतो. पिस्टनचेही तसेच. जुन्या पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम पुन्हा पिस्टनच्याच मिश्रणात गेले तर त्यातले निकेल कामाला येते, इतर मिश्रणांत ती अशुद्धी ठरते. कडीचे लोखंडही सोडवता येते, कारण पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांच्या आतच वितळून वाहते आणि कडी तशीच राहते. हे सगळे करायला शोध लावायचा नाही. वेगळे पिंप, त्यावर नाव, आणि स्पेक्ट्रोवर घेतलेला नमुना एवढेच लागते. स्पेक्ट्रो तर इथल्या बऱ्याच फौंड्र्यांत आधीच आहे, फक्त तो विकल्या जाणाऱ्या मालाकडे क्वचित वळतो.

प्लॅटिनमच्या बाबतीत अंगण आणखी श्रीमंत आहे, कारण खाणीतल्या खडकाशी तुलना केली तर वापरलेल्या उत्प्रेरकाची चिनीमाती वजनाच्या मानाने शेकडो पट समृद्ध असते. गुजरीत आणि हुपरीत झारेकरी पेठेच्या आकारात जे करत आले तेच हे काम: दुकानाची झाडलोट, भट्टीची राख, हात धुतल्याचे पाणी यातून सोने-चांदी परत काढायची. हुपरीच्या चांदीच्या धंद्याला टंच म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. घाणीचे वजन आणि धातूचे वजन यांतला फरक ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कळतो, त्यांच्या जिल्ह्यात सायलेन्सर मात्र अख्खाच्या अख्खा ठोक भावाने विकला जातो, हे विचित्र आहे. डिझेलच्या उत्प्रेरकात प्लॅटिनम प्रमुख असते, पेट्रोलच्या गाडीत पॅलेडियम आणि ऱ्होडियम; मॉडेलनुसार त्यांचे प्रमाण बदलते. ज्याला ही मॉडेलवार प्रमाणे माहीत आहेत तो घासाघीस न करता पैसे कमावतो आणि ज्याला माहीत नाहीत तो गाडीच्या वजनावर समाधान मानतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, विजेची वाहने आली की उत्प्रेरकच संपणार, मग ही खटपट कशासाठी. नव्या मागणीपुरता हा आक्षेप खरा आहे, आणि पिस्टन-इंजिनांवर जगणाऱ्या कोल्हापूरला त्याची प्लॅटिनमहून मोठी चिंता असायला हवी. पण परत येणारा धातू नव्या मागणीच्या वेळापत्रकाने चालत नाही. २०२० नंतर विकली गेलेली भारत स्टेज-६ ची वाहने दहा-पंधरा वर्षांनी मोडीत निघतील. म्हणजे आपल्या मोडबाजारात उत्प्रेरकांचा खरा लोंढा २०३० नंतरच सुरू होईल, आणि विजेच्या गाड्या जितक्या झपाट्याने वाढतील तितक्या लवकर जुन्या गाड्या मोडीत येतील. शिवाय जनित्रे आहेत, अवजड मालट्रक आहेत, संकरित मोटारी आहेत. हायड्रोजनचे नावही इथे घेतले जाते: प्रोटॉन-पटलाच्या विद्युत-विघटकाला प्लॅटिनम आणि इरिडियम लागते, अल्कधर्मी प्रकाराला निकेलचे विद्युतअग्र. जानेवारी २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाने १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली खरी, तरी या मागणीवर आज कारखाना उभारण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्लॅटिनमचे शुद्धीकरण म्हणजे अम्लराज, क्लोरिन, विषारी वायू आणि सांडपाणी. निकेलचे क्षार त्वचेला आणि फुप्फुसांना घातक. आणि पंचगंगेची अवस्था आधीच काय आहे ते कोणाला सांगायला नको. साखर कारखान्यांची मळी आणि इचलकरंजीच्या प्रोसेसचे रंगीत पाणी सोसणाऱ्या नदीकाठी आणखी एक आम्लाचा धंदा आणायचा का? माझे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. गल्लीतल्या शेडमध्ये बादलीत उत्प्रेरक विरघळवणारे उद्योग देशात अनेक शहरांत चालतात. ते कोल्हापुरात वाढू देणे म्हणजे नफा एकाचा आणि आजार शंभरांचा. पण प्रक्रिया म्हणजे केवळ शेवटची पायरी नव्हे. गोळा करणे, प्रतवारी लावणे, पत्रा कापून चिनीमाती बंद जागेत काढणे, ती एकसारखी दळणे आणि तिचा प्रातिनिधिक नमुना घेणे, इथपर्यंतचे काम धूळ आवरली तर सुरक्षितपणे करता येते, आणि किमतीतला मोठा वाटा नेमका याच टप्प्यावर ठरतो. त्यापुढचे काम ज्यांच्याकडे परवाने, सांडपाण्याची यंत्रणा आणि अनुभव आहे त्यांच्याकडे जावे. नवी मुंबईत हिंदुस्थान प्लॅटिनम १९६१ पासून मौल्यवान धातूंच्या कामात आहे. निकेलसाठी गोव्यातल्या कुंकळ्ळीचा निकोमेट कारखाना आहे, जो डिसेंबर २०२१ मध्ये वेदांताने घेतला तेव्हा देशातला एकमेव निकेल उत्पादक म्हणून त्याची ओळख करून देण्यात आली. घाट उतरल्यावर निकेलची भट्टी आहे आणि घाटावर निकेलचे भंगार आहे. मध्ये व्यवस्था नाही. प्लेटिंगच्या दुकानांतला निकेलयुक्त गाळ घातक कचरा म्हणून पैसे देऊन पुरावा लागतो, त्याचाही विचार याच साखळीत व्हायला हवा.

तिसरा आक्षेप हिशेबी माणसाचा: इंडोनेशिया इतके स्वस्त निकेल देत असताना भंगार वेचण्यात वेळ का घालवायचा? इथे स्वस्ताईचे कारण विचारावे लागते. ती कोळशाच्या विजेवर, जंगलतोडीवर आणि एका सरकारच्या धोरणावर उभी आहे. खनिजाचे वार्षिक परवाने तेच सरकार देते आणि कमी-जास्तही करते. २०२० ला ज्याने एका आदेशाने निर्यात थांबवली त्याच्या पुढच्या आदेशाची खात्री कोण देणार? दुसरे असे की, आपल्या भंगारातल्या निकेलचा खर्च स्टेनलेस किंवा नि-रेझिस्ट विकत घेतानाच झालेला असतो. ते वेगळे ठेवण्याचा खर्च निकेल १५ हजारांवर असतानाही निघतो, हे वरच्या गणितावरून दिसतेच. भाव निम्मा झाला तरी ९५ हजार रुपये उरतात.

सरकारी बाजूने चित्र आता पूर्वीइतके कोरे नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्राने ३० अत्यावश्यक खनिजांची यादी काढली, तिच्यात निकेल आणि प्लॅटिनम गट दोन्ही आहेत. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटींचे राष्ट्रीय अत्यावश्यक खनिज अभियान मंजूर झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अशा खनिजांच्या पुनर्प्रक्रियेसाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना आली. इलेक्ट्रॉनिक कचरा आणि बॅटऱ्यांबरोबरच मोडीतल्या वाहनांचे उत्प्रेरकही तिच्या कक्षेत घेतले आहेत. लहान उद्योगांसाठी त्यात वाटा राखलेला आहे, पण वैयक्तिक फौंड्रीला अर्ज करून फार काही साधणार नाही. एका कारखान्याचा नि-रेझिस्ट बुरादा शुद्धीकरणवाल्याला परवडेल इतका साठायला फार काळ लागेल. वीस कारखान्यांचा एकत्र साठला तर ट्रक भरतो. सहकाराचा इतका अनुभव असलेल्या जिल्ह्यात, जिथे शेतकऱ्याचे दोन लिटर दूधही फॅट लावून मोजून घेतले जाते, तिथे निकेलचे पिंप एकत्र करणे अवघड वाटू नये. नियमांत एक उणीव मात्र राहिली आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मोडीत निघालेल्या वाहनांच्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी पोलादाच्या वजनावर मोजली जाते. टनभर पोलादाच्या हिशेबात दोन-चार ग्रॅम प्लॅटिनम कुठेच दिसत नाही, त्यामुळे ते परत आले की नाही हे विचारणाराही कोणी नाही.

पुढील प्रकरणांत खाणीपासून भट्टीपर्यंतची साखळी, मिश्रधातूंच्या प्रती, आयातशुल्काचा इतिहास आणि पुनर्प्रक्रियेची तंत्रे क्रमाने येतील. वाचक कारखानदार असेल तर त्याने शुद्धीकरणवाल्याशी होणाऱ्या करारावरचे प्रकरण आधी वाचले तरी हरकत नाही. नमुना कोणाच्या समोर घ्यायचा, त्याचे किती भाग करायचे, एक भाग तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी सीलबंद ठेवायचा की नाही, ओलावा वजा कसा करायचा, भाव माल दिल्या दिवसाचा धरायचा की निकाल आल्या दिवसाचा, आणि शुद्धीकरणात किती टक्के धातू हरवला असे मानायचे, ही कलमे लिहून घेतलेली नसली तर बाकी सगळी प्रतवारी वाया जाते. प्लॅटिनमसारख्या धातूचे निकाल यायला आठवडे लागतात आणि तेवढ्यात भाव दहा टक्क्यांनी हलू शकतो. ती जोखीम कोणाची, हे पहिल्या ओळीत ठरलेले असावे.